स्वॅलोटेल फुलपाखरं हवीत? मग एक कढीपत्ता त्यांच्या नावावर करा

स्वॅलोटेल म्हणजे मोठ्या फुलपाखरांचं एक कुळ, त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखं टोक असतं. 'फुलं लावा, फुलपाखरं येतील' हा सल्ला अर्धाच खरा आहे. येतात, मकरंद पितात आणि उडून जातात. ती बागेत नांदायला हवी असतील तर मादीला अंडी घालायला झाड लागतं, आणि ते झाड कुरतडलेलं बघायची तयारी आपली लागते.

फुलांचं काम सोपं. भरपूर उन्हात एक्झोरा, पेंटास किंवा एकेरी पाकळ्यांची झिनिया एकगठ्ठा लावा. जास्वंदही एकेरीच घ्या. स्वॅलोटेल फुलावर निवांत बसत नाही, पितानाही पंख फडफडत राहतात. त्यामुळे लांब बाहेर आलेल्या पुंकेसरांचे पराग तिच्या पायांना आणि पंखांना लागतात. काकडी-भोपळ्याची फळधारणा मात्र तिच्या भरवशावर सोडू नका, ते मधमाश्यांचं काम.

अंड्यांसाठी लिंबू किंवा कढीपत्ता. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही दोन्ही स्वॅलोटेल फुलपाखरं त्यावर येतात. छाटून कोवळी पालवी आणा. मादी मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं एकेक करून ठेवत जाते.

आता अळी. इथेच मी दोनदा तोंडावर आपटलो. पहिल्यांदा रोपवाटिकेतून आणलेल्या लिंबावरच्या सगळ्या अळ्या दोन दिवसांत मेल्या. झाडात भिनणारं कीटकनाशक पानं धुऊन जात नाही. तेव्हापासून नवं झाड मी जाळीखाली वेगळं ठेवतो आणि बरीच नवी पालवी येऊन गेल्याशिवाय फुलपाखरांच्या वाटेला लावत नाही. 'सेंद्रिय आहे, मारा बिनधास्त' म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. बीटी, म्हणजे जिवाणूंपासून केलेला फवारा, अळ्या मारण्यासाठीच असतो, आणि कडुलिंबाचा अर्क तुमची अळी कोणती हे विचारत नाही.

लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पानं पुसत सुटू नका. मोठी झाली की हिरवी होते. डिवचलीत तर डोक्यामागून दुबेळकं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. चावत नाही. रोप लहान असेल तर चार-पाच अळ्या त्याचा खराटा करतात, म्हणून दुसरं रोप तयार ठेवा.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. पूर्ण वाढलेली अळी एका सकाळी गायब. पक्ष्यानं नेली असं समजून मी वाळक्या काड्या आवरल्या, कुंड्यांच्या कडा घासल्या. कचऱ्यात टाकताना एका काडीला रेशमी दोऱ्यानं कमरेशी बांधलेला कोष दिसला, तोवर तो चिरडला होता. कोष करायच्या आधी अळी पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करते आणि बऱ्याचदा झाड सोडून चालू लागते. खाली ओला डाग दिसला की झाडू बाजूला ठेवायचा. कोष हिरवा किंवा तपकिरी असतो, आजूबाजूला मिसळून जातो. सापडला नाही तरी शोधत उकराउकर करू नका.

आठ-दहा दिवसांनी कोषातून पंखांची नक्षी दिसायला लागते. बहुतेक दुसऱ्या सकाळी फुलपाखरू बाहेर येतं आणि चुरगळलेले पंख खाली सोडून लटकतं. तेव्हा फोटोसाठी बोटावर घेऊ नका. पडलं तर पंख वाकडेच वाळतात.