जर्मनीला जाताय? मग पब्लिक-प्रायव्हेट इन्शुरन्सचं आधी समजून घ्या

आपल्या नागपूरच्या माणसाला पब्लिक म्हटलं की सरकारी दवाखान्याची लाइन आठवते आणि प्रायव्हेट म्हटलं की धंतोली-रामदासपेठेतले मोठे दवाखाने, म्हणून तिकडे गेल्यावरही पोरं पहिल्याच झटक्यात म्हणतात, प्रायव्हेटच घेऊ ना बापा. तिथेच गडबड होते. जर्मनीत डॉक्टर बहुतेक तेच असतात, फरक आहे तो बिल कोण भरते आणि हप्ता कशावरून ठरते याचा. हां, प्रायव्हेटवाल्याला अपॉइंटमेंट बऱ्याचदा लवकर मिळते, हे मान्य.

पब्लिकमध्ये हप्ता पगारावर. 2026 मध्ये 14.6 टक्के आणि वरून जादा हिस्सा, तो सरासरी 2.9 टक्के, पण प्रत्येक इन्शुरन्स कंपनीचा वेगवेगळा म्हणून तेवढं तपासून घ्या. अर्धे पैसे तुम्ही नोकरी करता ती कंपनी भरते. म्हणजे महिन्याला 4000 युरो पगार असला तर तुमच्या खिशातून साधारण 350 जातात, त्यावर म्हातारपणी सेवा लागली तर त्याचा वेगळा इन्शुरन्स असते, मुलंबाळं नसलेल्याला तो आणखी 96 च्या आसपास पडते. पगाराची स्लिप बघून पहिल्यांदा पोटात गोळा येते, पण नवरा किंवा बायको कमावत नसेल आणि पोरं असतील तर ते सगळे त्याच हप्त्यात, एक पैसा जादा नाही. आणि तुम्हाला शुगर आहे की थायरॉइड, हे कोणी विचारतच नाही.

प्रायव्हेटमध्ये उलटं. वय आणि तब्येत बघून हप्ता, माणशी वेगळा, बिल बहुतेक आधी आपण भरायचं मग कंपनीकडून परत घ्यायचं. फॉर्ममध्ये जुना आजार लपवला तर नंतर क्लेम अडकते, आपल्याकडे एजंट म्हणतात ना "लिहू नका हो, काही होत नाही", ते तिथे अजिबात करू नका. नोकरीवाल्याला प्रायव्हेट घ्यायचं तर वर्षाचा पगार 2026 मध्ये 77,400 युरोच्या वर पाहिजे. पहिलीच नोकरी असेल आणि पगार त्याच्याही वर असेल तरी पब्लिक घेता येते, पण अर्ज 3 महिन्यांच्या आत करायचा, ही तारीख लोक हमखास विसरतात.

आता खरी गोष्ट. पब्लिकमधून प्रायव्हेटला जायला दार उघडं असते, परत यायला सहजासहजी नसते. माझी मावसबहीण 24 व्या वर्षी मास्टर्सला गेली, इथल्या एका एजंटने सांगितलं की ताई पब्लिकचे महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातात, प्रायव्हेट त्याच्या निम्म्यातच होते. तिने पब्लिकमधून सूट घेतल्याच्या कागदावर सही केली. पुढे थायरॉइडच्या टेस्ट निघाल्या तर कंपनी म्हणते जुना आजार, आम्ही देत नाही. पब्लिकला परत जायला गेली तर उत्तर आलं, शिक्षण संपेपर्यंत नाही! एकदा घेतलेली सूट मागे घेता येत नाही. नोकरी लागली तेव्हाच सुटली बिचारी.

म्हणून शिकायला जाताना 30 च्या आतले असाल तर गुपचूप पब्लिक घ्या. एओके, टेकनिकर, बार्मर, कोणतीही पब्लिक कंपनी चालते, मूळ इलाज सगळ्यांकडे जवळपास सारखाच. 30 च्या पुढे पहिल्यांदा शिकायला जात असाल तर विद्यार्थ्याचा पब्लिक रेट मिळत नाही, मग प्रायव्हेटच बघावं लागते, पण कव्हर नीट वाचून. नोकरी लागल्यावर, पगार त्या मर्यादेच्या आत असला की, आपोआप पब्लिकमध्ये येता. आणि वयाची 55 ओलांडल्यावर प्रायव्हेटमधून परत येणं जवळपास बंदच, तेव्हा चाळिशीतही हे डोक्यात ठेवा.

विमान उतरल्यापासून युनिव्हर्सिटीत नाव लागेपर्यंतच्या दिवसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा काढा, पब्लिक त्या आधीपासून धरत नाही. पब्लिकमध्येही सगळं फुकट नाही बरं का, चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला 5 ते 10 युरो, भरती झालात तर दिवसाला 10 युरो आणि तेही वर्षात 28 दिवसांपर्यंतच. चष्मा मात्र इथूनच दोन बनवून न्या.

आईबाबा भेटायला येतील तेव्हा ते तुमच्या पॉलिसीत बसत नाहीत. त्यांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरो कव्हरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागते, आणि त्यात बीपी-शुगरचं काय लिहिलंय ते नुसतं एजंटला न विचारता पॉलिसीच्या कागदात वाचा. त्यांच्या रोजच्या गोळ्या राहतील तेवढ्या दिवसांच्या नागपूरहूनच आणायला सांगा, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट.