सावलीला ‘शेड’ म्हणायचं की ‘शॅडो’?

मराठीत आपण झाडाच्या सावलीत बसतो आणि भिंतीवर पडते तीही सावलीच. इंग्रजीत मात्र पहिली शेड, दुसरी शॅडो. कोणता शब्द घ्यावा हे अडलं, तर त्या सावलीला आकार आहे का ते बघा. माणसाची, खांबाची, हाताची, जिच्या कडा दिसतात ती शॅडो. ऊन लागत नाही अशी नुसती जागा असेल तर शेड. मेच्या मध्याला मुंबई-पुण्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी उभ्या खांबाची शॅडो नाहीशी होते, पण आंब्याखालची शेड असते तिथेच.

शॅडो मोजता येते: ‘अ शॅडो’, ‘टू शॅडोज’. सावलीची जागा मोजत नाहीत, म्हणून ‘इन द शेड’. ‘अ शेड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला रंगाची छटा किंवा दिव्यावरचं झाकण वाटेल. ‘अंडर द शेड’ तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ‘अंडर’ झाडाला लावा, शेडला ‘इन’. क्रियापदंही वेगळी. झाड सावली देतं तेव्हा ‘गिव्ह्ज शेड’, खांबाची सावली पडते तेव्हा ‘कास्ट्स अ शॅडो’.

खरा घोटाळा ‘छाये’चा. ‘वडिलांच्या छायेत वाढला’ यात आपल्याला माया आणि आधार दिसतो. त्याचं ‘इन हिज फादर्स शॅडो’ केलं, की अर्थ होतो: वडील इतके मोठे की पोरगा झाकोळला. सत्काराच्या भाषणात हे फारच महागात पडेल. तिथे सरळ ‘अंडर हिज फादर्स केअर’ म्हणावं. पर्जन्यछायेला मात्र ‘रेन शॅडो’च, सह्याद्री पाऊस अडवतो आणि पूर्वेकडचा पट्टा कोरडा राहतो.

शिवाय मराठीत लिहिताना दोन वेगळे इंग्रजी शब्द एकच दिसतात. रोपवाटिकेतल्या शेडनेटमधली शेड ही सावलीचीच. ५० टक्क्यांची जाळी म्हणजे साधारण निम्मं ऊन अडवणारी. गोठ्यावरची पत्र्याची शेड वेगळी: तिचा ‘ए’ ऱ्हस्व आणि स्पेलिंग एस-एच-ई-डी. कर्जाच्या अर्जात गोठ्यासाठी ‘काऊ शेड’ लिहिताना ए-डी-ई लावू नका, नाहीतर गाईची सावली गहाण पडेल.