"आज शाळेत काय केलं?" "काही नाही": वर्गातलं घरापर्यंत पोचवायचं कसं

संध्याकाळी घरोघरी एकच संवाद चालतो. "आज काय केलं रे शाळेत?" "काही नाही." झालं, विषय संपला. सात वर्षांचं लेकरू काही लपवत नसतं, त्याला खरंच सांगता येत नाही, कारण प्रश्नात पूर्ण दिवस मावतो आणि सुरुवात कुठून करायची तेच त्याला कळत नाही. मग पालकाला वाटतं शाळेत काही शिकवतच नाहीत, नाहीतर पोरगं सांगायचं टाळतंय. मी नागपुरात दुसरीला शिकवते, वर्गात ३५ लेकरं आहेत, आणि माझं एक पक्कं मत झालंय की पालकांना नुसती माहिती पाठवून फार काही होत नाही, त्यांना लेकराला विचारायला एक नेमका प्रश्न द्यायचा. मग बाकीचं जेवताना घरीच होतं. हे मी कसं करते ते नवीन शिक्षिकांसाठी सविस्तर लिहितेय, पालकांनी वाचलं तर आणखी चांगलं.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. मोजमापाचा धडा होता, आम्ही वितीने बाक मोजला. पूर्वी मी लिहिलं असतं "आज गणितात मापन शिकवले, सराव करून घ्यावा". त्या दिवशी लिहिलं, "आज आम्ही वितीने बाक मोजला. विचारा, तुझ्या किती विती भरला? आणि तोच बाक बाबांनी मोजला तर जास्त विती भरतील की कमी?" दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर एक बाबा थांबले होते, बुटीबोरीला कंपनीत असतात, नाइट करून सरळ पोराला सोडायला आलेले, डोळे लाल. म्हणाले, "मॅडम, पोट्ट्यानं काल दिवाण मोजला, टीव्ही मोजला, मी निघाचो तर मले दारात थांबवून माही पाठ मोजली. माह्या हातानं कमी भरते आन् त्याच्या हातानं जास्त, हे काऊन होते थे त्यानंच मले समजावून सांगतलं." मोठा हात असला की विती कमी भरतात हे दुसरीच्या पोराने बापाला पटवून दिलं, याच्यापेक्षा चांगला सराव मी वहीत करून घेऊ शकले नसते.

तर प्रश्न कसा असावा? ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" येणार नाही असा, आणि ज्यात वर्गातली एखादी वस्तू किंवा घटना नावानिशी आहे असा. "अभ्यास झाला का विचारा" यात काहीच नाही. "आज खिडकीत कोण येऊन बसलं होतं आणि सगळे गप्प का झाले, विचारा" यात लेकराला बोलायला जागा आहे (खारूताई होती, डब्यातला पोळीचा तुकडा घेऊन गेली). रोज नाही जमलं तरी आठवड्यातून तीनदा जमतं. मी डबा खायच्या सुट्टीतच दोन ओळी टाइप करून ठेवते, घरी गेल्यावर आठवत नाही.

पण हे सगळं कोणाच्या फोनवर जातं ते आधी माहीत पाहिजे. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक पालकाशी पाच-पाच मिनिटं बोलून एका वहीत लेकरामागे एक पान लिहायचं. मोबाइल कोणाजवळ असतो? बऱ्याच घरी स्मार्टफोन एकच असतो आणि तो बाबांसोबत ड्युटीवर जातो, आईजवळ साधा बटनांचा फोन, म्हणजे दुपारी १२ ला टाकलेला मेसेज आईला रात्रीच दिसणार. घ्यायला कोण येतं, आई, आजी, की ऑटोवाले काका? घरी कोणती भाषा बोलतात, मराठी, हिंदी, छत्तीसगढी? लेकराला घरी काय नावाने हाक मारतात? कशाची भीती वाटते? शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका. गेल्या वर्षी एक मुलगी पावसात गडगडलं की बाकाखाली जायची आणि ते मला आईकडून पहिल्याच आठवड्यात कळलं होतं म्हणून मी तिला रागावले नाही, जवळ बसवलं. शिक्षिकेला हे आपोआप कळेल म्हणून बसलो तर नोव्हेंबर उजाडतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल. ग्रुप करा, पण सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त अ‍ॅडमिनच टाकू शकेल असं करून ठेवा, पहिल्याच दिवशी, नंतर केलं तर लोकांना राग येतो. नाहीतर गुड मॉर्निंगची फुलं, कोणाच्या प्लॉटची जाहिरात आणि "माझ्या मुलाची बाटली हरवली" यात तुमचा प्रश्न वाहून जातो. बोलायचं असेल तर पालकांनी पर्सनलवर बोलावं, आणि त्याची वेळ सांगून ठेवायची, माझी संध्याकाळी ६ ते ७:३० आहे. ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पर्सनलवर जातो) हा दुसरा मार्ग आहे पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, नवीन शिक्षिकांना हे माहीत नसतं आणि अर्धा वर्ग कोरडा राहतो. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी व्हॉइस नोट, एक मिनिटाच्या आत, सोप्या मराठीत आणि गरज असेल तर तेच हिंदीत. आणि ज्यांच्याकडे फक्त बटनांचा फोन आहे त्यांच्यासाठी वर्गाच्या दाराबाहेर छोटा फळा लावा, त्यावर आजचा प्रश्न मोठ्या अक्षरात. लेकराला घ्यायला आलेली आजी तो शेजारच्या मुलीकडून वाचून घेते आणि घरी जाईपर्यंत रस्ताभर बोलत जाते, हे मी रोज बघते.

आता माझी एक चूक सांगते कारण ती कोणी परत करू नये. पहिल्या वर्षी मी ग्रुपवर एका मुलाचं नाव घेऊन लिहिलं की तो रोज उशिरा येतो आणि वही आणत नाही. मला वाटलं सगळ्यांनाच समज मिळेल. त्याची आई दुसऱ्या दिवशी आली, काहीच बोलली नाही, दाराजवळ उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि त्यानंतर वर्षभर ती एकाही पालकसभेला आली नाही. ते मूल सकाळी लहान बहिणीला अंगणवाडीत सोडून मग शाळेत येत होतं हे मला मार्चमध्ये कळलं. तेव्हापासून नियम केलाय, एका लेकराची गोष्ट ग्रुपवर नाही, चांगलीसुद्धा नाही (दुसऱ्या आईला लागतं), ती फोनवर किंवा समोरासमोर. आणि तक्रारीच्या आधी घरी त्या लेकराबद्दल निदान दोन चांगल्या गोष्टी गेलेल्या असल्या पाहिजेत. आपल्याकडे शाळेचा फोन म्हटला की आईच्या पोटात गोळाच येतो, "काय केलं जी ह्यानं?" हाच पहिला शब्द. म्हणून जुलैमध्ये मी रोज दोन घरी फोन लावते, फक्त एवढं सांगायला की आज तिने नवीन मुलीला स्वतःची पट्टी दिली, किंवा त्याने पहिल्यांदा न अडखळता पूर्ण ओळ वाचली. महिन्यात ३५ घरं आरामात होतात. ऑगस्टमध्ये काही सांगायची वेळ आली तर तीच आई शांतपणे ऐकून घेते.

पडलं, लागलं, मारामारी झाली, कपडे खराब झाले, तर लेकरू घरी पोचायच्या आधी फोन गेलाच पाहिजे, त्यात कंटाळा नको. काय झालं, किती वाजता, आपण काय केलं, आत्ता कसं आहे, या क्रमाने सांगा. मारामारीत दुसऱ्या मुलाचं नाव आपण सांगायचं नाही, ते तसंही घरी कळतंच, पण आपल्या तोंडून गेलं की दोन घरं भांडतात. उवा झाल्या असतील तर आईला बाजूला घेऊन सांगा, आणि ग्रुपवर सगळ्यांसाठी फक्त "या रविवारी केस तपासून घ्या" एवढंच.

फोटोचं जरा जपून. पालकांना फोटो फार आवडतात हे मान्य, पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. जूनमध्ये त्याच वहीच्या पानावर सही घ्या, आणि सही असली तरी चेहऱ्यांपेक्षा हातांचे, वह्यांचे, मातीच्या बैलांचे फोटो टाका. वितीने बाक मोजणारे चार छोटे हात असा फोटो मी टाकला होता, प्रत्येक आईने आपल्या लेकराचा हात बरोबर ओळखला.

सणवाराच्या मेसेजचंही तसंच. तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा पोळा, आला की नागपुरात लाकडी बैल घेण्यात घराघरात चढाओढ लागते, कोणाचा एवढासा तर कोणाचा गुडघ्याएवढा, आणि ज्याच्याकडे नसतो ते लेकरू आदल्या दिवशी पोट दुखतं म्हणतं. मी आधीच लिहून टाकते, "शाळेत सगळ्यांचे बैल मातीचे आणि वर्गातच बनवलेले. घरून काही आणायचं नाही. घरी विचारा, तुझ्या बैलाचं नाव काय ठेवलं?" एका मेसेजमध्ये कितीतरी घरांचा खर्च आणि रडारड वाचते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की मोर्च्यांमुळे रस्ते बंद होतात, ऑटो अर्धा-पाऊण तास लेट होतो, ते आदल्या दिवशी सांगा आणि उशीर झालेलं लेकरू कोणाजवळ बसलेलं असेल तेही सांगा. पावसाळ्यात तर "उद्या शाळेला सुट्टी" असे खोटे मेसेज फिरतात. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन शहरात पाणी घुसलं तेव्हा खरंच सुट्टी होती, पण त्यानंतर प्रत्येक मोठ्या सरीला पालक घाबरून विचारायला लागले. मुख्याध्यापकांकडून पक्कं झाल्याशिवाय मी एक अक्षर पुढे पाठवत नाही आणि पालकांना सांगून ठेवलंय की माझ्याकडून आलं तरच खरं.

पालकसभा शनिवारी ठेवा, अर्ध्या दिवसाची शाळा असते, आणि भाषण करू नका. बाकावर प्रत्येक लेकराची जूनची वही आणि आत्ताची वही शेजारी उघडून ठेवा, आईबाबांना त्याच बाकावर बसवा आणि पाच मिनिटं काहीच बोलू नका. जूनचं वाकडंतिकडं "क" आणि ऑक्टोबरची सरळ ओळ बघून काही बाबा वहीवरून बोट फिरवत बसतात. मग सांगा दुसरीच्या शेवटी काय यायला पाहिजे: केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीसाठी ९९९ पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता येणं आणि ९९ पर्यंतची वजाबाकी असं धरलंय, आणि तुमचं लेकरू यात कुठपर्यंत आलंय. कोणीतरी विचारणारच, "होमवर्क काऊन देत नाही जी?" २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंच म्हटलंय हे शांतपणे सांगा, आणि रोजचा प्रश्न हाच घरचा अभ्यास आहे असं समजा म्हणा, ते पटतं लोकांना.

प्रगतिपत्रकातल्या नोंदींबद्दल माझा आग्रह आहे. "प्रगती समाधानकारक" वाचून कोणत्याही आईला काही कळत नाही. "हातच्याची बेरीज जमते, वजाबाकीत उसना घेताना अडते, काड्या हातात दिल्या की जमतं" असं लिहा, म्हणजे घरी माचिसच्या काड्या तरी निघतील. वेळ लागतो, ३५ लेकरांना तीन संध्याकाळी जातात, जाऊ द्या.

घरून शाळेतही बातमी आली पाहिजे. महिन्यातून एकदा मी पालकांनाच विचारते, घरी काही बदललंय का? बाबा कामासाठी बाहेरगावी गेले, घरात बाळ आलं, आजोबा वारले, घर बदललं, एवढं एका ओळीत कळवा, कारण विचारणार नाही. एका मुलाने आठवडाभर फळ्यावरचं लिहूनच घेतलं नाही, मी डोळे तपासा म्हणणार होते, आजीची व्हॉइस नोट आली की त्याची गाय विकली. त्या दिवशी मी त्याला गाईचं चित्र काढायला दिलं आणि नंतर बाकीच्यांना त्याने तिचं नाव, रंग, शिंगं सगळं सांगितलं, चांगली दहा मिनिटं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, मुलं लवकर घरी जातात, तेव्हा शेवटचे दोन आठवडे प्रश्नाऐवजी सुट्टीत घरी खेळता येतील असे खेळ पाठवा, बाजाराची यादी लेकराकडून लिहून घेणं, दुकानाच्या पाट्या वाचणं, संत्र्याच्या फोडी मोजून सारख्या वाटणं. निकाल लागला की ग्रुप बंद करायचा, दोन दिवस आधी सांगून, आणि फोनमधले लेकरांचे फोटो काढून टाकायचे. जूनमध्ये लेकरामागे एक पान लिहिलेली ती आपली वही मात्र फेकू नका. पालकांना विचारून ज्या पानांना हो म्हणतील ती पानं तिसरीच्या वर्गशिक्षिकेच्या हातात द्या. बाकाखाली जाणाऱ्या त्या मुलीच्या आईने हो म्हटलं, आणि यंदा पहिला पाऊस गडगडला तेव्हा तिसरीच्या मॅडमनी तिला आधीच आपल्या टेबलाजवळ बसवून घेतलं होतं.