इंग्रजीतील लांब नामपदबंध ओळखताना या चुका टाळा

नागपुरात दहावीच्या मुलांना व्याकरण शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य हमखास लिहिते: ‘द हॉर्सेस निअर द पिलर ॲट झिरो माइल आर ब्यूटिफुल.’ ‘आर’च्या जागी रिकामी जागा ठेवली, की अनेक मुले तेथे ‘इज’ भरतात.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. तिचे मूळ आपल्या भाषेच्या सवयीत आहे. ‘झिरो माइलच्या खांबाजवळचे घोडे’ असा नामपदबंध, म्हणजे एक मुख्य नाम आणि त्याचे वर्णन करणारे शब्द यांचा गट, आपण वापरतो, तेव्हा ते मुख्य नाम सर्वांत शेवटी येते. इंग्रजीत मात्र घोडे आधी येतात आणि खांब व ठिकाण त्यांच्यामागून येतात, त्यामुळे क्रियापदाशेजारचे नाम मुख्य समजले, की वचन चुकते. पहिल्या शब्दयोगी अव्ययाच्या डावीकडचे नाम बहुधा मुख्य असते. ‘अ लॉट ऑफ ऑरेंजेस’ हा मात्र अपवाद असून तेथे क्रियापद संत्र्यांप्रमाणे चालते.

दुसरी चूक धातुसाधिताची, म्हणजे क्रियापदापासून बनून नामाचे वर्णन करणाऱ्या शब्दाची आहे. ‘द ऑरेंजेस सोल्ड इन कळमना मार्केट आर स्वीट’ या वाक्यात ‘सोल्ड’ दिसताच विद्यार्थी त्यालाच मुख्य क्रियापद मानतात आणि पुढच्या ‘आर’चे काय करावे, हे त्यांना कळत नाही. तेथे ‘विच आर’ हे शब्द गाळलेले आहेत. ते मनात घालून वाचावे, म्हणजे ‘कळमना मार्केटमध्ये विकली जाणारी संत्री’ हा अख्खा पदबंध हाती लागतो.

पदबंध कोठे संपतो, हे ठरवण्यासाठी त्याच्या जागी सर्वनाम ठेवून पाहावे. ‘दे आर ब्यूटिफुल’ हे वाक्य नीट उभे राहते. पण केवळ ‘द हॉर्सेस’ काढले, तर ‘दे निअर द पिलर’ असे मोडके वाक्य उरते.

ही कसोटीही कधी कधी अपुरी पडते. ‘आय बॉट ऑरेंजेस फ्रॉम काटोल’ या वाक्यात ‘आय बॉट देम’ आणि ‘आय बॉट देम फ्रॉम काटोल’ ही दोन्ही रूपे चालतात. अशा वेळी मला मराठीचाच आधार सर्वांत भरवशाचा वाटतो. अर्थ ‘काटोलची संत्री’ असा असेल, तर ‘फ्रॉम काटोल’ पदबंधाच्या आत आहे. ‘काटोलहून घेतली’ असा असेल, तर ते क्रियापदाकडे जाते आणि पदबंध ‘ऑरेंजेस’वरच संपतो.