कंपनी विकत घेतल्यावर दोन प्रणालींतील पुरवठादार जुळत नव्हते: माझा अनुभव

नाशिकच्या अंबडमधील एक कारखाना आमच्या सातपूरच्या कंपनीने विकत घेतल्यावर त्यांची जुनी हिशेब प्रणाली ठेवायची की बंद करायची, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले; पण दोन्हींकडील देण्यांच्या याद्या एकत्र करताच एकच पुरवठादार दोनदा दिसू लागला. नावांवरून जुळवणी केली तर स्पेलिंग आडवे आले. पॅनवरून केली तर महाराष्ट्र आणि गुजरातमधील शाखा एक झाल्या. अक्षरशः वैताग आला होता.

उपयोगी पडलेला क्रम असा. आधी दोन्ही डेटाबेसच्या प्रती काढून काम फक्त त्यांच्यावरच केले. मग जीएसटी क्रमांकांतील मोकळ्या जागा काढून सर्व अक्षरे कॅपिटल केली. या 15 अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरे पॅनची आणि शेवटचे अक्षर पडताळणीचे, म्हणजे आधीच्या अक्षरांवरून गणिताने काढलेले. ती पडताळणी चालवल्यावर शून्याच्या जागी टंकलेला इंग्रजी ‘ओ’ लगेच उघडा पडला. माझ्या मते हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि ती कोणीही गाळू नये. त्यानंतर दुरुस्त क्रमांकांवरून जुळवणी केली. जीएसटी नोंदणी नसलेल्यांसाठी बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँक शाखेचा कोड) एकत्र धरले. उरलेल्या नोंदी लेखा विभागाने मूळ बिले पाहून निकाली काढल्या, तेव्हा बाकी जुळली.