दुकानाची जाहिरात गूगलवर लावताना या चुका टाळा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या दुकानदारांच्या गूगल जाहिराती मी बरीच वर्षं सांभाळतोय. कोणाची सोन्याची पेढी, कोणाचं डाळ मिलच्या मशिनरीचं काम, कोणाचा दवाखाना, कोणाचं मंगल कार्यालय. "पैसे गेले, गिऱ्हाईक आलं नाही" म्हणत कोणी खातं उघडून समोर ठेवलं की आत चुका मात्र त्याच निघतात. जाहिरात दिसल्याचे पैसे लागत नाहीत, कोणी तिच्यावर क्लिक केलं की लागतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो क्लिक करणारा काय टाइप करून आला होता, हे दहातल्या नऊ मालकांनी एकदाही उघडून पाहिलेलं नसतं.

लोकांनी टाइप केलेले शब्द न वाचणं

आपण भरतो तो कीवर्ड. गिऱ्हाईक टाइप करतं ती सर्च टर्म. या दोन गोष्टी एक नाहीत. तुम्ही कीवर्ड नुसता लिहून पुढे गेलात तर तो ब्रॉड मॅच धरला जातो, म्हणजे त्या शब्दाशी संबंध आहे असं गूगलला वाटेल त्या कुठल्याही शोधावर तुमची जाहिरात लागू शकते. अवतरण चिन्हात लिहिला तर फ्रेज मॅच, म्हणजे शोधात तो अर्थ आलाच पाहिजे; चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट, म्हणजे नेमका तोच शोध. एक्झॅक्टसुद्धा आता अक्षरशः तंतोतंत राहिलेला नाही, त्याच अर्थाचे शोध त्यात येतात. पण ब्रॉडच्या मानाने तो खूपच आवरलेला असतो.

चोपड्याकडचे एक ठिबकचे डीलर आहेत. मे महिना होता, बागायती कापसाची लागवड तोंडावर आलेली, नळ्यांची मागणी ऐन भरात. त्यांनी रात्री बसून दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि सकाळपर्यंत कॅम्पेन सुरू करून टाकलं. कीवर्ड दोनच: ठिबक सिंचन आणि ड्रिप. दोन्ही ब्रॉड. रोजचे सहाशे रुपये. नवव्या दिवशी मला फोन आला, "भाऊ, पैसा जाई राहिनात, पन गिऱ्हाईक काही येत नही."

मी गेलो. दुकानात नळ्यांच्या वेटोळ्यांना टेकूनच आम्ही लॅपटॉप उघडला. कॅम्पेन, मग इनसाइट्स अँड रिपोर्ट्स, मग सर्च टर्म्स. यादी लांबलचक होती. ती त्यांनाच वाचायला लावली. ते बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. ठिबक सिंचन माहिती मराठी. ठिबक सिंचन प्रकल्प नववी. महाडीबीटी लॉगिन. ठिबक अनुदान यादी. सलाईन ड्रिप स्टँड किंमत. ड्रिप काढल्यावर हात सुजणे. इथे त्यांचं बोट थांबलं. "हात सुजना, तेना पैसा मी दिना का?"

हो, त्यांनीच दिला होता. ड्रिप हा शब्द शेतात जितका चालतो तितकाच दवाखान्यात चालतो, आणि ब्रॉड मॅचला त्यातला एक निवडायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

इथवरची चूक सगळेच करतात. त्यांनी केलेली दुसरी चूक मला जास्त लागली, कारण ती मी निघाल्यानंतर घाईत झाली. मी सांगितलं होतं, आजच्या दिवशी सलाईन, प्रकल्प, लॉगिन, यादी एवढेच निगेटिव्ह कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात लागू नये ते) टाका, बाकीचं उद्या बसून बघू. त्यांनी संध्याकाळी रागाच्या भरात अनुदान हा शब्दही निगेटिव्हमध्ये टाकला. फुकट्या चौकश्या नकोत, असा त्यांचा हिशोब. दोन दिवसांत जे काही चार फोन येत होते तेही बंद झाले.

आपल्याकडे ठिबक घेणारा शेतकरी अनुदानाचाच विचार करून निघतो. प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. राज्याचं पूरक अनुदान धरलं तर ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. ज्याला इतकी रक्कम परत मिळायची आहे तो "ठिबक अनुदान डीलर" असंच टाइप करणार. तो फुकट्या नाही, तोच तर गिऱ्हाईक. "अनुदान यादी" बघणारा आणि "अनुदानावर ठिबक कुठे मिळेल" विचारणारा यांच्यात एका शब्दाचा फरक असतो, आणि तो फरक धंदा करणाऱ्यालाच कळतो. म्हणून ही यादी मी कधीही एकट्याने साफ करत नाही, मालकाला शेजारी बसवतो.

निगेटिव्ह कीवर्डची आणखी एक खोड लक्षात ठेवा: तो समानार्थी शब्द धरत नाही. यादी टाकलं म्हणून लिस्ट थांबत नाही. नोकरी टाकलं म्हणून भरती थांबत नाही, जॉब तर नाहीच. देवनागरीत टाकलेला शब्द रोमन लिपीतही टाका. आपल्याकडे एकच माणूस सकाळी मराठीत, दुपारी रोमन अक्षरांत आणि संध्याकाळी हिंदीत शोधतो. टपक सिंचाई असं शोधणारेही सीमेलगत पुष्कळ आहेत.

माझी सवय अशी आहे. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी चहाबरोबर ही यादी वाचायची. साधी वही, दोन रकाने: दुकानात येईल, येणार नाही. ज्याचं ठरत नाही तो शब्द आठवडाभर तसाच राहू द्यायचा. त्यानंतर आठवड्यातून एकदा. फार थोड्या लोकांनी केलेले शोध या अहवालात दिसतच नाहीत, त्यामुळे गळती शंभर टक्के थांबेल असं समजू नका. पण यादीत नुसता कचराच नसतो. त्या डीलरचे पुढचे सगळ्यात चांगले कीवर्ड तिथेच सापडले. ते आपल्या भाषेत लॅटरल म्हणत होते आणि शेतकरी टाइप करत होता "ठिबक नळी १६ एमएम भाव".

कोणी मला विचारतं, हे रोज वाचायला वेळ कुठे आहे, एखादं सॉफ्टवेअर नाही का? ज्याला रोजच्या सहाशे रुपयांचा जमाखर्च दहा मिनिटं बघायचा नाही त्याने जाहिरात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्तुळ आखून मोकळं होणं

नकाशावर गावाभोवती पन्नास किलोमीटरचं वर्तुळ आखलं की झालं, असं वाटतं. वर्तुळाला राज्याची हद्द कळत नाही. चोपडा किंवा रावेरहून वर्तुळ काढा, ते सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात उतरतं. नवापूरचं तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. सोन्या-कापडाच्या दुकानाला हे चालेल, उलट हवंच असेल. पण ज्याचा माल महाराष्ट्राच्या अनुदानावर विकला जातो त्याला पलीकडचा क्लिक काय कामाचा? मी वर्तुळ टाळतो. तालुके एकेक करून निवडतो आणि नको ते वगळतो. आणि हो, जळगाव जामोद हा तालुका बुलढाणा जिल्ह्यात आहे. जळगावचं काम करत असाल तर जामोद हा शब्द निगेटिव्हमध्ये घालून ठेवा.

याच जागी लोकेशन ऑप्शन्स नावाची एक ओळ घडी घालून ठेवलेली असते. ती कोणी उघडत नाही. आधीपासून जे निवडलेलं असतं त्याचा अर्थ असा की त्या भागात असलेले लोक, आणि त्या भागात रस दाखवणारे लोकही. म्हणजे सुरतेत किंवा पुण्यात बसून जळगावबद्दल काही शोधणारासुद्धा. सुरतेत आपली माणसं किती आहेत हे सांगायला नको. दाढदुखीच्या दवाखान्याला त्यांचा उपयोग नाही, तिथे फक्त प्रेझेन्स, म्हणजे त्या भागात असलेलेच लोक, हा पर्याय ठेवा. मंगल कार्यालयाला मात्र उलटं: लग्न गावी करायचं आणि मुलगा पुण्यात नोकरीला, तर कार्यालय पुण्यातूनच शोधलं जातं. तिथे मी रस दाखवणाऱ्यांचाही पर्याय मुद्दाम चालू ठेवतो.

फोन वाजतोय आणि उचलायला कोणी नाही

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एका कृषी यंत्रांच्या दुकानात मालक म्हणाले, जाहिरात बंद करा, एक चौकशी नाही. गल्ल्याशेजारी मोबाइल चार्जिंगला लावलेला, आवाज बंद. मी तिथे बसलो होतो तेवढ्या वेळात त्याची स्क्रीन तीनदा उजळली आणि विझली. जाहिरातीत दिलेला नंबर तोच होता. मालक समोरच्या गिऱ्हाइकाला पेरणी यंत्राचे फाळ दाखवत होते, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या तीन शेतकऱ्यांनी खालच्या दुसऱ्या जाहिरातीला फोन लावला असणार.

म्हणून जाहिरातीसाठी वेगळा नंबर घ्या, तो उचलायला एक माणूस ठरवा आणि अ‍ॅड शेड्यूलमध्ये त्या माणसाच्याच वेळा टाका. रात्री अकराला कोणी उचलणार नसेल तर रात्री अकराला जाहिरात कशाला हवी? जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद असेल तर तो तासही काढा. आलेला प्रत्येक फोन वहीत लिहा: गाव, काय हवं होतं, आला की नाही.

या वहीचा दुसरा उपयोग कन्व्हर्जन, म्हणजे क्लिकनंतर गिऱ्हाइकाने केलेली आपल्याला हवी ती कृती, तपासायला होतो. पुष्कळ खात्यांत "संपर्क" हे पान नुसतं उघडलं तरी कन्व्हर्जन मोजलं जातं. मग आकडे छान दिसतात, मालक खूश असतो, आणि स्वयंचलित बोली (एका क्लिकला किती मोजायचे ती रक्कम) लावणारी यंत्रणा पान उघडणारी माणसं शोधून आणून देते, कारण तिला तेच यश म्हणून सांगितलेलं असतं. वहीत सात फोन आणि खात्यात सत्तर कन्व्हर्जन दिसली की मोजणी चुकलेली आहे असं धरून चला. मी फॉर्म भरल्यावर येणारं आभाराचं पान आणि ठराविक सेकंदांपेक्षा जास्त चाललेला फोन, एवढंच मोजतो. चौकशीसाठी मोजणी एकदाच ठेवतो, प्रत्येक वेळी नाही, नाहीतर एकच माणूस तीनदा फॉर्म भरून तीन गिऱ्हाइकं होऊन बसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

सर्च कॅम्पेन करताना डिस्प्ले नेटवर्क (इतर वेबसाइट आणि अ‍ॅपवरच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या इतर शोधाच्या साइट) यांच्या चौकटीत आधीच टिक असते. दोन्ही काढा. महिनाभर नुसत्या गूगल सर्चवर चालवा, मग हवं तर बघू.

रोजचं बजेट ५०० ठेवलं आणि एखाद्या दिवशी ९०० गेले, म्हणून घाबरून कॅम्पेन बंद करणारे मला दर महिन्याला भेटतात. एका दिवसात बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची मर्यादा मात्र बजेटच्या ३०.४ पट असते, म्हणजे इथे १५,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांक खात्यात पहिल्याच दिवशी भरा, नंतर सीए ओरडतो.

रोज संध्याकाळी बोली बदलू नका. बोलीची पद्धत बदलली की यंत्रणा नव्याने शिकायला लागते. तूर पेरून रोज उकरून पाहत नाही आपण. मी मोठा बदल केला की दोन आठवडे हात लावत नाही.

बारा महिने सारखं बजेट ठेवणं ही नोकरदाराची सवय, धंद्याची नाही. ठिबकवाल्याने केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि बागायती कापसाच्या आधी, आणि परत केळीच्याच कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या लागवडीच्या) आधी जोर लावावा. मधल्या काळात हात आखडता घ्यावा.

आपली जाहिरात दिसते का म्हणून स्वतःच गूगलवर शोधत बसू नका, पाहुण्यांनाही शोधायला लावू नका. त्यासाठी खात्यातच अ‍ॅड प्रीव्ह्यू नावाचं साधन आहे.

गूगलच्या शिफारशी आपोआप लागू करण्याची सोय बंद ठेवा. गूगल खात्याला देतं तो ऑप्टिमायझेशन स्कोअर शंभर झाला म्हणून गल्ला भरत नाही.

खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याचं खातं बाहेरगावच्या एजन्सीने स्वतःच्या नावावर काढलं होतं. भांडण झालं, एजन्सी गेली, आणि दोन वर्षांच्या सगळ्या सर्च टर्म्स, सगळे निगेटिव्ह शब्द तिच्याबरोबर गेले. पैसे याचे, शहाणपण तिचं. अ‍ॅडमिन हक्क मालकाकडे, काम करणाऱ्याला फक्त प्रवेश, यावर मी कधीच तडजोड करत नाही, माझ्या स्वतःच्या बाबतीतही.

आणि जाहिरात होम पेजवर नेऊ नका. १६ एमएम नळीचा भाव विचारणाऱ्याला नळीच्या पानावर न्या. तिथे भाव किंवा निदान अंदाज असू द्या, दुकानाचा पत्ता बस स्टँडपासून कसा ते लिहा, आणि फोन नंबर चित्रात छापू नका. बोट लावल्यावर फोन लागतो का, हे आजच आपल्या मोबाइलवर करून बघा. मग दुकानातल्या पोऱ्याच्या जुन्या मोबाइलवर, दुकानाबाहेर रेंज कमी असते तिथे उभं राहून परत एकदा बघा.