नवख्यांच्या साध्या प्रश्नांना उत्तर देताना या चुका टाळा

ज्याला विषयातलं काहीच ठाऊक नाही, त्याला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा हेही ठाऊक नसतं. एखाद्या ऑनलाइन चर्चागटावर तो लिहितो, खोडतो, सुरुवातीला 'प्रश्न मूर्खपणाचा वाटेल, पण' असं आगाऊ जोडतो आणि मग पाठवतो. उत्तर देणाऱ्याला मात्र त्यात पुन्हा तोच जुना प्रश्न दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. गडबड होते ती पुढच्या दोन ओळींच्या उत्तरात.

'प्रश्न कसा विचारावा' याचे धडे नवख्यांना सगळेच देतात. खालच्या चुका मात्र जाणकारांच्या आहेत. त्यातल्या बहुतेक दुष्टपणातून होत नाहीत, कंटाळ्यातून आणि घाईतून होतात, त्यामुळे त्या सुधारायला फार अवघड नाहीत.

'काय? हे माहीत नाही?'

सगळ्यात सहज होणारी चूक हीच. आश्चर्य खरं असो वा दाखवलेलं, त्याने समोरच्याला माहिती काडीचीही मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की इथे बाकी सगळ्यांना हे येतं आणि तुम्हाला येत नाही. न्यूयॉर्कमधल्या रिकर्स सेंटर या प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या मोजक्या सामाजिक नियमांत 'खोटं आश्चर्य दाखवू नका' हा नियमच घालून ठेवला आहे. त्याच्याच शेजारचा दुसरा नियम आहे, 'खरं तर' म्हणत बिनमहत्त्वाची दुरुस्ती करू नका. हे दोन नियम मला मोठमोठ्या आचारसंहितांपेक्षा जास्त उपयोगाचे वाटतात, कारण ते पाळलेत की मोडलेत हे लगेच कळतं.

उपाय सोपा आहे: पहिलं वाक्य गाळा. 'कमाल आहे, इतकी वर्षं वापरताय आणि बॅकअप कसा घ्यायचा माहीत नाही? सेटिंग्जमध्ये जा…' यातलं 'सेटिंग्जमध्ये जा' पासून पुढचं ठेवा. उत्तराचं काहीच बिघडत नाही.

आपल्याकडे याला जोडून आणखी एक खोड आहे. प्रश्न प्राथमिक दिसला की विचारणाऱ्याला लहान ठरवून थेट अरे-तुरेवर येणं. पलीकडे आयुष्यभर दुसऱ्या क्षेत्रात नाव कमावून आता नव्याने काही शिकणारी व्यक्ती असू शकते. ओळख होईपर्यंत 'तुम्ही' म्हणा.

'गुगल करा ना'

शोधता येण्यासाठी शोधायचा शब्द माहीत असावा लागतो. ज्याच्या फोटोत माणसं पुसट येतात, तो 'फोटो खराब येतात' असंच शोधणार. 'शटर स्पीड' (फोटो घेताना कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो) हा शब्द त्याच्याकडे नाही, तो आपल्याकडे आहे. म्हणजे 'शोधा' असं सांगताना आपण नेमकं त्याच्याकडे जे नाही तेच वापरायला सांगतो.

हा तुसडेपणा जुनाच आहे. 'आधी मॅन्युअल वाच' हा सल्ला एका शिवीसकट देणारं 'आरटीएफएम' हे संक्षिप्त रूप इंटरनेट घरोघरी पोचायच्या आधीपासून तंत्रज्ञांच्या तोंडी होतं. पुढे २००८ मध्ये तर एक संकेतस्थळच निघालं. त्याची लिंक उघडली की 'बघ, शोध असा घ्यायचा असतो' हे विचारणाऱ्याला चलचित्रासारखं करून दाखवलं जायचं. बघणारे हसायचे. विचारणारा हसला असेल का, ते सांगायला नको.

शिवाय यातून एक मजेदार कोंडी तयार होते. पुढे कोणी खरोखरच शोध घेतला तर त्याला हाच जुना प्रश्न सापडतो, आणि त्याखाली उत्तर असतं, 'गुगल करा'.

लिंक देण्यात गैर काही नाही. नुसती फेकू नका. त्या पानावरचा कुठला भाग वाचायचा ते सांगा, मुख्य मुद्दा दोन ओळींत लिहा आणि तुम्ही स्वतः कुठले शब्द टाकून शोधलं असतं तेही सांगा. हे तिसरं सर्वांत मोलाचं, कारण पुढचे प्रश्न त्यामुळे आपोआप कमी होतात.

विचारलं एक, अडलंय भलतंच

नवखा बहुतेक वेळा मूळ अडचण विचारतच नाही. त्याने स्वतःच्या अंदाजाने एक उपाय ठरवलेला असतो आणि तो त्या उपायाबद्दल विचारतो. 'घरात काढलेले फोटो हलल्यासारखे येतात, कुठला नवा कॅमेरा घेऊ?' हा प्रश्न घ्या. इथे दोन प्रकारे चूक होते. एक जण कॅमेऱ्यांची यादी देतो आणि विचारणाऱ्याला विनाकारण खर्चात पाडतो. दुसरा म्हणतो, 'कॅमेऱ्याचा काय दोष, आधी फोटो काढायला शिका.' दुसऱ्याचं निदान बरोबर आहे आणि तरीही त्याचं उत्तर पहिल्याइतकंच निकामी आहे.

'घरात उजेड कमी असतो, त्यामुळे कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि तेवढ्यात माणूस हलतो. कॅमेरा बदलायच्या आधी शटर स्पीड १/१२५ सेकंदाच्या आसपास ठेवून आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवून बघा. फोटोत थोडे दाणे दिसतील, पण माणसं पुसट येणार नाहीत. तरी नाही जमलं तर एक फोटो आणि त्याची सेटिंग्ज इथे टाका.' यात उपाय आहे, कारण आहे आणि परत यायला जागा आहे.

प्रश्न धूसर असेल तर उलट विचारावंच लागतं. पण 'नीट माहिती द्या' असं म्हणू नका. नीट म्हणजे काय हेच तर त्याला कळत नसतं. 'स्क्रीनवर नेमका कुठला संदेश येतो?', 'काल चालत होतं का?', 'त्यानंतर काय बदललं?' असे एका ओळीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा. तेही एका वेळी दोन-तीनच. नऊ प्रश्नांची जंत्री दिली की माणूस गायब होतो.

'अगदी सोपं आहे, फक्त…'

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला होता. काहींनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानी नुसती टकटक पडते.

आपली उत्तरं बऱ्याचदा अशी टकटक असतात. कोणी विचारतं, 'एक्सेलमध्ये बेरीज शून्य येते, काय करू?' आपण लिहितो, 'सोपं आहे, फॉरमॅट तपासा.' आपल्या डोक्यात बाकीचं सगळं असतं: आकडे दुसरीकडून चिकटवले की ते कधी कधी मजकूर म्हणून साठवले जातात, असे आकडे चौकटीत बहुधा डावीकडे सरकलेले दिसतात, कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण येतो, आणि त्यांची बेरीज होत नाही. विचारणाऱ्याला 'फॉरमॅट' एवढाच शब्द मिळतो. तो अक्षरांचा रंग बदलून परत येतो आणि मग आपण चिडतो.

'फक्त', 'सरळ', 'साधं' हे शब्द उत्तरातून काढून टाका. धीर द्यायच्या हेतूने ते लिहिले जातात, पण जमलं नाही तर ते उलटतात: 'सोपं' म्हटलेलं न जमणं हा दुहेरी पाणउतारा. पायऱ्या लिहा आणि प्रत्येक पायरीनंतर काय दिसायला हवं तेही लिहा. कुठल्या पायरीवर घोडं अडलं ते मग त्याला स्वतःलाच सांगता येतं.

उलट टोकही असतं. पासवर्ड कसा बदलायचा असं विचारलं की सायबर सुरक्षेचा संपूर्ण पाठ लावणारे लोक असतात. आधी विचारलेलं सांगा, बाकी नंतर. शुद्धलेखनाच्या चुका तर काढूच नका.

चेष्टा म्हणून चुकीचा सल्ला

'संगणक वेगवान करायचाय? सिस्टम३२ नावाचा फोल्डर उडवून टाका.' हा विनोद अनेक वर्षं फिरतोय. विंडोज चालायला लागणाऱ्या फायली त्याच फोल्डरमध्ये असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठीच तो विनोद. नवख्याला विनोद आणि सल्ला यांतला फरक कळायचं काही साधन नसतं. असं काही दिसलं तर हसण्याची खूण टाकून पुढे जाऊ नका. खाली लगेच स्पष्ट लिहा, 'हे करू नका, संगणक सुरू होणार नाही.' आणि ते मूळ उत्तर काढून टाकायला लावा.

नियमावलीचा दंडुका

पहिल्याच प्रश्नावर 'चुकीच्या विभागात विचारलंत', 'शीर्षक नियमानुसार नाही', 'बंद केलं'. नियम खरेच असतात आणि लागतातही. पण क्रम चुकतो. आधी उत्तर, मग नियम, आणि तोही एका वाक्यात: 'पुढच्या वेळी हा प्रश्न अमुक ठिकाणी टाका, तिथे लवकर उत्तर मिळतं.' नियमामागचं कारण सांगितलं की तो जाच वाटत नाही.

याची किंमत काय असते ते विकिपीडियाकडे बघून कळतं. 'नवख्यांना चावू नका' हे तिथलं जुनं मार्गदर्शक तत्त्व. तरीही इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्यामागचं एक मोठं कारण दाखवलं: चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांची संपादनं यंत्रवत उलटवली जात होती आणि ते लोक परत येत नव्हते. उपद्रवी लोकांना रोखायला बसवलेली गाळणी कामाच्या माणसांनाही गाळत होती. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानेही २०१८ मध्ये, आपली जागा नव्या लोकांना आपलीशी वाटत नाही, असं जाहीरपणे कबूल केलं. त्यानंतर तिथे नव्या सदस्याच्या प्रश्नावर तो नवा असल्याची खूण दिसू लागली, म्हणजे उत्तर देणाऱ्याने जरा सांभाळून घ्यावं.

तोच प्रश्न शंभराव्यांदा आला तर?

कंटाळा येतो, हे मान्यच करू. यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात विद्यापीठांत दाखल झालेल्या नव्या विद्यार्थ्यांची लाट यायची. जुने लोक काही आठवडे कुरकुरत त्यांना रीतभात शिकवायचे आणि सगळं शांत व्हायचं. पुढे एओएलसारख्या, घरोघरी ऑनलाइन जोडणी देणाऱ्या सेवांनी सर्वसामान्यांना दार उघडलं आणि लाट ओसरेनाच. १९९३ च्या त्या सप्टेंबरला जुने लोक आजही 'न संपलेला सप्टेंबर' म्हणतात. त्यांच्या सुरात तक्रार असते, पण नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकत्र करून ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा टाकायची चांगली पद्धतही त्याच यूजनेटवर रुजली.

तेच करा. एकदा मन लावून उत्तर लिहा, जपून ठेवा, दर वेळी तेच चिकटवा. वर विचारणाऱ्याच्या परिस्थितीला धरून एक ओळ मात्र नवी लिहा. १९९५ च्या इंटरनेट शिष्टाचाराच्या एका दस्तऐवजात, आरएफसी १८५५ मध्ये, नव्या माणसाने काही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचावं असा सल्ला आहे. हौसेने आलेल्याला तो ठीक आहे. उद्या सकाळी काम द्यायचंय आणि फाइल उघडत नाही, त्याला दोन महिन्यांचं काय सांगणार?

आणि खरंच वैताग आला असेल तर उत्तर देऊ नका. गप्प बसायची मुभा सगळ्यांना आहे. दुसरं कोणीतरी देईल, बहुधा नुकतंच शिकलेलं कोणी, आणि त्याला ती अडचण आपल्यापेक्षा जास्त ताजी आठवत असते.

नवखाच उद्धट निघाला तर?

'लवकर सांगा, अर्जंट आहे', 'मला तयार करून द्या', मदत केल्यावर 'हे तर चालतच नाही'. असेही असतात, आणि त्यांचे लाड करायची गरज नाही. 'पूर्ण करून देणं जमणार नाही, पण तुम्ही कुठवर आलात ते दाखवा, पुढचं सांगतो' एवढं पुरे. चढा सूर परतवायचा मोह टाळा. उत्तर त्या एकट्यासाठी नसतं. पहिला प्रश्न विचारू की नको अशा विचारात असलेले कितीतरी जण ते वाचत असतात.

दुसऱ्याच कोणी नवख्याला झापलं असेल तर तिथे वाद घालत बसू नका. त्याच्या खाली नीट उत्तर लिहा, झापणाऱ्याशी वेगळं बोला. आपल्याच हातून तिरकस काही गेलं असेल तर ते खोडा आणि 'आधीचं उत्तर घाईत लिहिलं होतं, हे बघा' म्हणून नवं द्या.

शेवटची चूक दोघांची मिळून होते. नवखा 'जमलं, धन्यवाद' लिहून निघून जातो आणि आपणही तिथेच थांबतो. त्याला विचारा, नेमकं कशाने जमलं? बऱ्याचदा आपण सांगितलेल्यापैकी तिसराच उपाय लागू पडलेला असतो. तो त्या प्रश्नाखाली त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, कारण पुढचा नवखा त्याच शब्दांत शोधणार आहे.